फळ्यावरची काकी

पंचांगकाकीच्या गाडीवर जेवायचं तर मनगटावरचं घड्याळ उपयोगाचं नव्हतं. आज तिथी कोणती, हे आधी कुणाला तरी विचारावं लागे. अमावास्या-पौर्णिमेला तिची गाडी सकाळी नऊला उघडायची, दुसऱ्या दिवशी पावणेदहाला, तिसऱ्या दिवशी साडेदहाला. असं करत करत अष्टमीला पार सव्वातीनवर जायची. एकादशी-बारशीला गाडी बंद. तेरशीला बघावं तर बाई सकाळी सातलाच स्टोव्ह पेटवून उभी! नवख्या माणसाला वाटायचं, बाईचं डोकं फिरलंय. मलाही तेच वाटलं होतं.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. मी तेव्हा पेणच्या स्टँडावर कंट्रोलर होतो. गाड्यांच्या वेळा फळ्यावर लिहायच्या, आल्या-गेल्याची नोंद रजिस्टरात करायची, माइकवरून ओरडायचं, आणि लोकांच्या शिव्या खायच्या, एवढं आमचं काम. मी घाटावरचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तोच नोकरी लागल्यावर. वेळेच्या बाबतीत मात्र मी पहिल्यापासून खडूस. माझ्या लग्नात भटजींना दोनदा घड्याळ दाखवलं होतं, असं बायको अजून चारचौघांत सांगते. सांगू दे. मुहूर्त तरी चुकला नाही.

पेणच्या स्टँडाभोवती खाण्याला तोटा नव्हता. समोर वड्याची गाडी होती, तिचा रस्सा प्यायला ड्रायव्हर लोक वाकडी वाट करून यायचे. रोह्याच्या स्टँडावर कांदाभजी मिळायची, ती खाताना जीभ भाजली नाही तर पैसे वाया गेले असं वाटे. नागोठण्याला उसळपाव होता. मी सगळीकडे खाल्लं आहे आणि कुणाचंही मीठ विसरलेलो नाही. पण आज कुणी मला विचारलं की त्या दिवसांतलं नक्की काय परत हवं, तर मी डोळे मिटून सांगेन: काकीचं निवट्यांचं कालवण आणि हातावर थापलेली तांदळाची भाकरी.

निवटे म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे बोटभर मासे. दिसायला इतके कुरूप की पहिल्या दिवशी मी ताट बाजूला सारणार होतो. काकीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तोंड बगून जेवतंस काय रं? मंग आरशासमोर उपाशी मरशील." शेजारचे दोन कंडक्टर खो खो हसले. मी चिडून घास घेतला. आणि मग तीन भाकऱ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, पावणेदहाच्या ठोक्याला, मी स्टँडाच्या फाटकाशी, तिच्या जागेवर हजर. गाडी आहे, पण तिच्यावर ताडपत्री बांधलेली. सव्वादहाला काकी आली तेव्हा माझा पारा चढलेला. "काल पावणेदहाला सुरू होतं. आज का नाही? धंदा करायचा तर वेळेची शिस्त नको?"

काकीने ताडपत्री सोडता सोडता मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "काल पाडवा व्हता. आज बीज हाय. मासली पान्यात हाय, माज्या पदरात नाय. पानी उतरंल तवा धर्मा चिखलात उतरंल, धर्मा उतरंल तवा मासली येल, मासली येल तवा चूल पेटंल. यात मी कुटं उशीर केला, ते सांग."

धर्मा म्हणजे तिचा नवरा. मासळी ओहोटीलाच हाती लागते आणि ओहोटी रोज पाऊण तास, वर दोन-चार मिनिटं, पुढे सरकते, हे मला त्या दिवशी कळलं. धर्माकाका निवटे, कोलंबी, चिंबोऱ्या सायकलला टोपली बांधून खाडीवरून आणायचा. ओहोटीनंतर बरोबर दोन तासांनी पहिलं ताट. एकादशी-बारशीला दिवसाची ओहोटी पार संध्याकाळकडे झुकायची म्हणून सुट्टी, आणि तेरशीपासून पुन्हा पहाटेची ओहोटी धरता यायची. त्या ओहोटीचं तेवढंच शिजायचं, संपलं की गाडी बंद. बर्फातली मासळी नाही, कालची नाही. कुणी म्हटलं, "काकी, थोडं बाजूला काढून ठेव, मी सहाच्या गाडीनं येतो," तर उत्तर ठरलेलं: "पानी कुनासाठी थांबत नाय. मी कोन मोटी लागून गेले?" एकदा तालुक्याच्या एका पुढाऱ्याचा माणूस डबा न्यायला आला आणि रिकामा डबा घेऊन गेला. पंचांगकाकी हे नाव ड्रायव्हर लोकांनी पाडलेलं. ते तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

तिच्या पायांना कायमच्या भेगा होत्या, आणि त्या कधी भरल्या नाहीत. पंधरा वर्षं तिने मिठागरात काम केलं होतं. मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या, मग मासळीची पाटी घेऊन दारोदार फिरली. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा ती गाडीच्या दांडीला टेकून म्हणाली, "कंटोलर, जल्म सगला चालन्यात गेला बग. लोकांच्या दारात मी जायाची. हीच पयली जागा, जिथं मी उभी ऱ्हाते नि लोक माज्याकडं येतात." ती जागा म्हणजे तिला काय आहे, ते मला पुढे कळलं.

आता फळ्याची गोष्ट. लोक मला दिवसभर विचारून विचारून भंडावून सोडायचे: कंट्रोलर साहेब, काकी आज किती वाजता? अलिबाग कधी, पनवेल कधी, काकी कधी! एकदा वैतागून मी गाड्यांच्या फळ्यावर सगळ्यात खाली खडूने लिहून टाकलं: "काकी – १२.००". तेव्हापासून रोजचंच झालं. सकाळी मी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायचो, हिशेब करायचो आणि ओळ लिहायचो. नागोठण्याच्या कंपनीतले शिफ्टवाले फळा वाचून आपापली गाडी ठरवू लागले. रोह्याकडची एक म्हातारी तर खिडकीशी येऊन म्हणाली, "अरं दादा, ह्या काकीला जानारी गाडी कंच्या फलाटाला लागते?" मी म्हटलं, "आजी, फाटकाजवळ लागते. पण बसू नका, जेवा."

सगळं असं झकास चाललेलं असताना फाटकाजवळच्या जागांचा नवा नियम आला. रांगेत बसणाऱ्या प्रत्येकाने उघडण्याची रोजची वेळ लिहून द्यायची, आणि ती वेळ पाळेल त्यालाच जागा. नियम वाईट होता असं मी म्हणणार नाही. मीच केला असता तर असाच केला असता! पण काकीने कुठली वेळ लिहून द्यायची? तिला एका महिन्याची मुदत मिळाली.

मी तिला समजावलं. इथे मी चुकलो, कबूल करतो. म्हटलं, "काकी, अकरा वाजता म्हणून लिहू या. पाणी जुळलं नाही त्या दिवशी बाजारातली बर्फाची मासळी आण. कुणाला कळतंय?" दुसऱ्या दिवसापासून गाडी अकराच्या ठोक्याला उघडू लागली. मसाला तोच, हात तोच, भाकरी तीच. पण कालवणाला चव नव्हती. लोक जेवायचे, हात धुवायचे आणि गप्प निघून जायचे. काकी कुणाची चेष्टा करेना. आणि चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ती स्वतः वड्याच्या गाडीवरून पाव आणून चहात बुडवून खातेय. आपल्या हातचं आपल्याच तोंडात घालवेना बाईला! पाचव्या दिवशी गाडी आलीच नाही. सहाव्या दिवशी आली ती पाण्याच्या वेळेला. "जागा गेली तं जाऊ दे," ती म्हणाली. "पुन्यांदा पाटी घेईन डोक्यावर. पन हे नाय कराची." मला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी माइकवर दोन गाड्या चुकीच्या सांगितल्या.

महिनाअखेरीला वरचे साहेब तपासणीला आले. उंच, शिडशिडीत, बोलणं तोलूनमापून. ते फळ्यासमोर उभे राहिले, चष्मा वर केला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही कुठली गाडी?"

नोकरीतला पहिला मेमो डोळ्यासमोर नाचू लागला. तेवढ्यात मागून आवाज आला, "ती मी हाय, सायेब." काकी पदराला हात पुसत उभी होती. कुणी तिला बोलावलं नव्हतं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, नियम सर्वांना सारखा. तुमची वेळ ठरलेली नाही."

"ठरलेली नाय कशी? रोजची येगली हाय, पन ठरलेली हाय. मानसानं नाय ठरवली, म्हनून ठरलेली नाय व्हय?" काकी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "पुढची कंची बी तारीक इचारा. आत्ता सांगते. चुकली तं उद्याला गाडी उचलते."

ही बाई एकदा बोलली की माघार घेणारी नव्हती. साहेबांना गंमत वाटली असावी. त्यांनी खिशातली डायरी काढली. "पुढच्या महिन्याची सतरा तारीख. त्या दिवशी मी रोह्याला तपासणीला आहे."

"कंटोलर, सतरा तारकेला तिथी कंची?"

मी कॅलेंडर उलटलं. "वद्य सप्तमी."

काकीने अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. "अडीच. सवादोनला आलात तं थांबाला लागंल. तीनला आलात तं भांडं पुसाला लागंल."

साहेबांनी लिहून घेतलं. "रोह्याहून निघणारी गाडी सव्वादोनला इथे येते. मी त्याच गाडीने येईन. अडीचला तुमच्यासमोर उभा असेन," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तोपर्यंत ती ओळ राहू द्या."

सतरा तारीख उजाडली. सकाळी मी खडू घेतला, पौर्णिमेपासून दिवस मोजले, आणि हिशेब जुळेना. पौर्णिमेला नऊ वाजता, तिथून सहा दिवस झालेले, रोजचे पाऊण तास आणि वरची मिनिटं धरून पावणेदोन होत होते. अडीच नव्हे! मी पुन्हा मोजलं. पुन्हा पावणेदोन. काकी चुकली होती. मी घाईघाईने फळ्यावर "काकी – १.४५" लिहिलं, सायकल काढली आणि थेट तिच्या गावाला गेलो. ती अंगणात मसाला निवडत बसलेली.

"काकी, घात झाला! पावणेदोन होतात. धर्माकाकाला लवकर धाड."

तिने शांतपणे विचारलं, "दिस मोजलंस का तिथी?"

"दिवस. सहा."

"नि आज सप्तमी. पुनवंपासून सातवी. मंग तुजे सा कुटून आले?"

आणि तेव्हा मला आठवलं. कॅलेंडरात चतुर्थीनंतर एकदम षष्ठी छापली होती. पंचमीचा क्षय. मी तारखा मोजल्या आणि मधली तिथी गिळून टाकली! काकी इतकी हसली की सूप मांडीवरून घसरलं. "अरं बाला, पानी चांदाच्या मागं जातं. तुज्या तारकेच्या मागं नाय जात. जा, पूस ते."

मी मुकाट्याने परत आलो आणि पुसलं. पुन्हा लिहिलं: "काकी – २.३०". तरीही, खरं सांगतो, माझा विश्वास बसला नव्हता. बारा वाजल्यापासून मी खिडकीतून रस्त्याकडे बघत होतो. बातमी फुटलेलीच होती. शिफ्ट संपवून आलेले कंपनीवाले, ड्रायव्हर, कंडक्टर, वड्याच्या गाडीचा मालक स्वतः, सगळे फाटकाजवळ जमलेले.

सव्वादोन झाले. रोह्याची गाडी नाही.

दोन वीसला धर्माकाकाची सायकल आली, पण टोपली रिकामी! मग मागून काकी दिसली, डोक्यावर झाकलेलं पातेलं. त्या दिवशी तिने कालवण घरीच शिजवून आणलं होतं, परीक्षेच्या दिवशी स्टोव्हने दगा द्यायला नको म्हणून. तिने पातेलं गाडीवर ठेवलं, स्टोव्ह पेटवून तवा चढवला, पहिली भाकरी थापली, ती फुगली, आणि काकीने पहिलं ताट पुढे केलं. मी स्टँडाच्या घड्याळाकडे पाहिलं. अडीच. काटा सहावर, एका मिनिटाचा फरक नाही. जमावाने असा काही गलका केला की फलाटावरची कुत्री पळाली.

साहेब अजून नव्हते. लोक जेवत होते, पातेलं खाली खाली जात होतं. मी काकीच्या कानाशी लागलो, "अगं, साहेबांसाठी एक ताट तरी काढून ठेव. तुझी जागा आहे त्यांच्या हातात."

"जागंसाठी नेम मोडू? मंग जागा घिऊन करू काय?" असं म्हणून तिने शेवटचे चार निवटे एका हमालाच्या ताटात वाढले. मी कपाळावर हात मारला.

तीन वाजून पाच मिनिटांनी रोह्याची गाडी आत शिरली. वाटेत गडब गावाजवळ चाकात खिळा घुसला होता. साहेब उतरले ते हाताला काळं लागलेले. जॅक लावायला त्यांनी स्वतः हात दिला होता. ते तडक माझ्या खिडकीशी आले. "किती वाजता उघडली?"

तोंडी सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी रजिस्टर फिरवून त्यांच्यापुढे धरलं. त्यात सवयीने दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या गेल्या होत्या. काकी: नियोजित २.३०, आगमन २.३०. रोहा–पेण: नियोजित २.१५, आगमन ३.०५, पन्नास मिनिटे उशीर.

साहेबांनी त्या दोन ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. मग त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, आणि तो तोलून मापून बोलणारा माणूस फलाटावर उभा राहून पोट धरून हसला. हात धुऊन काकीच्या गाडीपाशी गेला आणि म्हणाला, "बाई, हरलो. जेवायला वाढा."

"संपलं, सायेब."

"काहीच नाही?"

काकीने अर्धी भाकरी घेतली, पातेल्याच्या तळाला फिरवली, सगळा मसाला पुसून घेतला आणि त्यांच्या हातावर ठेवली. "म्हनलं व्हतं ना, तीनला आलात तं भांडं पुसाला लागंल." साहेबांनी तिथेच उभ्याने खाल्लं. बोटं चाटली.

कागद यायला दोन महिने लागले. तोवर माझी रोह्याला बदली झाली होती, आणि तो लखोटा आला नेमका माझ्या पेणमधल्या शेवटच्या दिवशी. मी तो उघडला, वाचला, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, सरळ माइक चालू केला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्या. श्रीमती हिराबाई धर्मा म्हात्रे यांना फाटकाजवळची जागा कायम करण्यात येत आहे. उघडण्याची वेळ," इथे मी कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला, "उघडण्याची वेळ, ओहोटीनंतर दोन तास. एकादशी व द्वादशी बंद."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ड्रायव्हर लोकांनी हॉर्न वाजवून कान किटवले. काकी मात्र गाडीमागे नुसती उभी होती. मग ती चालत माझ्या खिडकीशी आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिने पुसलं नाही. "माजं नाव असं मोट्यानं कुनी घेतलं नवतं रं," ती म्हणाली. "मिठागरात सगल्या आमी 'ए बाय'च व्हतो. परत वाच. माइक नको. माज्यापुरतं वाच."

मी वाचलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचताना तिने विचारलं, "यात वेल लिवलेली वळ कंची?" मी तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं आणि कागद तिच्या हातात दिला.

त्या दिवशी दशमी, म्हणजे काकीची गाडी पाचच्या सुमाराला उघडलेली. संध्याकाळच्या गाडीने मी रोह्याला निघालो. फाटकातून वळताना खिडकीतून डोकं बाहेर काढून पाहिलं. नेहमीच्या गिऱ्हाइकांत एक सुटाबुटातला नवखा माणूस घड्याळ दाखवून काकीशी हुज्जत घालत होता. काकीने पिठाचा हात पदराला पुसला, पदरातून तो कागद काढला, त्याच्या नाकासमोर धरला आणि अक्षरओळख नसलेल्या त्या बाईने बरोबर त्याच ओळीवर बोट ठेवलं.